पॅनेलं सोडून बाकी सगळं

मावशीनं पॅनेलं आधी घेतली, इथंच सगळं चुकलं. आणि ही चूक आमच्या गामगोल गावच्या माणसांनीच करावी. आमच्याकडे आधी जनावर दारात आणून बांधतात, आणि मग गोठा कुठं घालायचा, वैरण कुठून आणायची, याची चर्चा सुरू होते. जनावर एकदा दारात उभं राहिलं की बाकीचं आपोआप जुळतं, असा सगळ्यांचा समज. ग्वाक पिल्नाम मावशीनं जन्मभर गाई पाळल्या. त्यामुळे शेवटच्या गाई विकल्यावर आलेल्या पैशांतून तिनं कुठल्याशा दुकान बंद करणाऱ्या माणसाकडची सौर पॅनेलं ट्रकभर उचलली आणि रिकाम्या गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवली. वर जुन्या रजया टाकल्या.

"थंडी वाजेल म्हणून नाही रे," मला म्हणाली, "कोंबड्या घाण करतात."

मी त्या दिवशी तिच्या बांधाचं काम करत होतो. माझा पोकलेन आहे, त्यामुळे गावात मला कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे पोकलेनच म्हणतात. चर खणणं, बांध सारखा करणं, कुणाची कबर खणणं, सगळं माझ्याकडे. सगळ्या घरांच्या मागच्या अंगणातली माती मला माहीत आहे आणि कोण मजुरी द्यायला किती रडतं तेही. मावशी कधी रडली नाही. उलट घासाघीस करताना समोरच्याला रडवायची.

पिल्नाम या नावाचा अर्थ 'पुढचा नक्की मुलगा'. तीन मुलींवर चौथी झाली तेव्हा बापानं हे नाव ठेवलं. पुढचाही मुलगा झाला नाही. मावशी म्हणायची, "जन्मल्यापासून मला पुढच्याच्या नावानं हाका मारल्या. म्हणून मी ठरवलं, माझी जागा मी कुणाला देणार नाही."

आणि इथं प्रश्न जागेचाच होता. तिचा मुलगा तेऊ आन्सान शहरात कारखान्यात आहे. मुलगा वाईट नाही. दर आठवड्याला फोन करतो, सणाला येतो, आईच्या घराची कौलं स्वतः चढून बदलतो. पण मावशीचे गुडघे गेले होते. हिवाळ्यात घराची फरशी खालून तापवायला तेल लागतं, आणि तेलाचा भाव ऐकून माणूस थंडीतच घामाघूम होतो. घरकामाला बाई ठेवायची तर तिला पैसे कुठून द्यायचे? गेल्या सणाला तेऊनं स्पष्टच सांगितलं होतं, "आई, वर्ष संपेपर्यंत काही सोय झाली तर ठीक. नाहीतर शहरातल्या वृद्धांच्या दवाखान्यात जागा बघतो. तिथं गरम असतं, तीन वेळचं जेवण असतं."

त्या दवाखान्यात आमच्या गावातून बरेच जण गेलेत. परत आलेलं कुणी मला आठवत नाही, म्हणजे स्वतःच्या पायांनी आलेलं. मला आठवतं, कारण आल्यावर खड्डा मीच खणतो.

म्हणून मावशीनं पॅनेलं घेतली. मिरचीच्या जुन्या वावरात ती उभी करायची, वीज कंपनीला विकायची, महिन्याला जे येईल त्यातून तेल आणि कामवाली. जन्मभर जिथं झोपली त्याच गरम फरशीवर मरेपर्यंत झोपायचं. एवढाच हिशोब. आणि पॅनेलं इतकी स्वस्त मिळाली की तिला वाटलं, निम्मी लढाई जिंकली.

पॅनेलं ही लढाई नव्हतीच. लढाई होती ती पॅनेलं सोडून बाकी सगळ्याशी.

पहिल्यांदा मोजणीवाला आला. त्यानं वावराच्या चार कोपऱ्यांना लाल खुंट्या ठोकल्या आणि बिल दिलं. मग नकाशावाला आला. त्यानं मोजणीवाल्यानं मोजलेलंच कागदावर काढलं आणि त्याहून मोठं बिल दिलं. मग कळलं की शेतजमिनीवर असं काही उभं करायचं तर वेगळी परवानगी लागते, आणि ती मिळवून देणारं एक कार्यालय असतं, आणि त्या कार्यालयातला माणूस कॉफी पीत पीत म्हणतो की घाई करू नका. पावसाचं पाणी खालच्या शेतात जाऊ नये म्हणून चर काढायची अट. भोवती कुंपणाची अट. पोलादी सांगाडा, वारा आला तर तो उडणार नाही याचा दाखला, दाखल्याची फी. वायरी, पेटी, डब्याएवढं एक यंत्र ज्याची किंमत ऐकून मावशीनं विचारलं, "हे खातं काय?" वीज कंपनीचा खांब. खांब कंपनीचा, पण उभा करायचा खर्च मावशीचा.

"गाय घेतली असती तर एवढं झालं नसतं," मावशी म्हणायची. "गाय घेतली की गाय मिळते. हे म्हणजे गाय स्वस्त आणि तिची शेपटी वेगळी विकत घ्या, शिंगं वेगळी, आणि तिनं हंबरायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी."

पण तिनं एकेक केलं. दागिने होते ते गेले. लसणाचं पीक त्या वर्षी बरं आलं, तेही गेलं. तेऊला तिनं काही मागितलं नाही. आणि सगळं जमत आलं तेव्हा गावप्रमुख प्यो तिच्या दारात आले, बूट काढून, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन. आमच्याकडे प्रमुख संत्री घेऊन आले की समजायचं, काहीतरी मागायला आलेत.

"काकू, गावाच्या विकासनिधीचं बघायला हवं ना," ते म्हणाले.

"कुठल्या?"

"सौरवाले देतात तो. डोंगरापलीकडच्या कंपनीनं दिला. दस्तूर आहे. गावाची हवा बदलते, दृश्य बदलतं, काहींना झोप येत नाही म्हणे..."

"कुणाला झोप येत नाही? पॅनेलं अजून गोठ्यात रजया पांघरून झोपलीत. ती जागली नाहीत आणि गावाची झोप उडाली?"

"काकू, मस्करी नको. गावाची संमती असली की कामं सुरळीत होतात. नसली की..." प्रमुखांनी हात पसरले. ते हात असे पसरतात की त्यात तुमचं काहीही मावेल.

"संत्री घेऊन जा," मावशी म्हणाली. "आंबट असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या भोंग्यावरून प्रमुखांचा आवाज आला. रोज येतोच. औषध फवारणी कधी, लसीकरणाची गाडी कधी, कुणाच्या नातवाचं लग्न, सगळं तिथून कळतं. "आ... आ... ऐकू येतंय का? गावकऱ्यांनो, वरच्या वावरात होणाऱ्या सौर कामाबद्दल गावाची संमती झालेली नाही. सर्वांनी एकजूट ठेवावी. आणि आज मासळीची गाडी येणार आहे." परवाही तेच, तेरवाही तेच, फक्त मासळीच्या जागी भाजी. नाक्यावर पिवळा फलक लागला, त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं, गामगोलचं सुंदर दृश्य वाचवा. गामगोलच्या दृश्यात नक्की काय आहे ते मी पन्नास वर्षं तिथं राहूनही सांगू शकत नाही. लसूण आहे आणि सिमेंटचा रस्ता आहे.

मावशीनं काय केलं? अंडी विकणाऱ्या म्हाताऱ्यानं धंदा बंद केला होता. त्याच्या गाडीवरचा कर्णा तिनं एका पोत्याभर लसणावर घेतला, मला गोठ्याच्या छपरावर चढवलं आणि बांधायला लावला. पुढच्या सकाळी प्रमुखांचं 'मासळीची गाडी' संपलं न संपलं तोच वरून आवाज घुमला. सुरुवातीला कर्ण्यात जुनी फीत अडकलेली असावी, कारण आधी "ताजी अंडी, मोठी अंडी" असं वाजलं. मग मावशी.

"आ... गावकऱ्यांनो, मी पिल्नाम बोलतेय. पॅनेलं सोडून आजचा खर्च ऐका. आज वाऱ्याचा दाखला. एक शहाणा आला, सांगाड्याकडे बघितलं नाही, कारण सांगाडा अजून आलेलाच नाही, आणि वारा उडवणार नाही असं लिहून दिलं. त्याचे पैसे दिले. उद्या कुंपण. गावाचा निधी यादीत नाही. वारा तरी सुटतो, गाव काय सुटणार? बरं, आता नाश्ता करा."

गाव हसून हसून मेलं. प्रमुखांनी भोंग्याचा आवाज वाढवला. मावशीनंही वाढवला. महिनाभर आम्ही दोन भोंग्यांच्या मधे जेवलो. एक वर्षाचं पोर 'आ... आ... ऐकू येतंय का' असंच बोलायला शिकलं.

पण हसणं वेगळं आणि मावशीच्या बाजूला उभं राहणं वेगळं. सार्वजनिक सभागृहाच्या गरम फरशीवर बायका पत्ते खेळतात, तिथं मावशी गेली की डाव मोडायचा. तिची जिवाभावाची मैत्रीण ओक्बुन, तीसुद्धा कूस बदलून झोपल्याचं सोंग घ्यायची. प्रमुखांनी सगळ्यांना सांगितलं होतं, या निधीतून सभागृहाचं छप्पर होणार आहे, मालिशची खुर्ची येणार आहे. म्हातारीच्या हट्टापायी सगळ्यांची कंबर दुखतेय, असं वातावरण. मावशी चिडून नाही, जिद्दीनं रोज जायची आणि एकटी पत्ते मांडून बसायची. ते बघून मला तिचा राग यायचा, आणि गावाचा त्याहून जास्त.

मग बैठक झाली. वर्षाखेर जवळ आली होती. परवानगीत स्पष्ट होतं, डिसेंबरपर्यंत काम उभं राहिलं नाही तर वीजवाहिनीवरची मावशीची जागा पुढच्या अर्जदाराला. आणि पुढच्या फेरीत वाहिनीवर जागा असेलच असं कुणी म्हणेना. तेऊची मुदतही तीच होती. दोन्ही दारं एकाच दिवशी बंद होणार होती.

सभागृहात पुरुष टीव्हीच्या बाजूला, बायका स्वयंपाकघराच्या बाजूला. प्रमुखांनी मोठ्या मनानं निम्म्या रकमेवर तडजोड सुचवली. माना हलल्या. मावशी उठली. उठायला तिला वेळ लागतो, पण कुणी हात दिला नाही.

"दो-ह्यन आठवतो का कुणाला?" तिनं विचारलं.

दो-ह्यन म्हणजे शहरातून इथं राहायला आलेला तरुण, त्यानं आपल्या घरामागे थोडी पॅनेलं लावायची ठरवली होती. गावानं त्याच्याकडून निधी घेतला. मग रस्त्याचा म्हणून घेतला, मग कुंपणावरून खटके उडाले. सहा महिन्यांत तो घर विकून गेला. त्या पैशातून आम्ही बस केली, लाल पानं बघायला गेलो, बसच्या मधल्या जागेत नाचलो, परतीच्या वाटेवर गोमांसाचा तिखट रस्सा आणि भात खाल्ला. मीही नाचलो होतो.

"त्या बसमध्ये सगळ्यात पुढे मी होते," मावशी म्हणाली. "सगळ्यात जास्त मी नाचले. 'शहरातला आहे, देऊ दे की' असं बैठकीत सगळ्यात आधी ओरडले ते मी. रस्सा दोन वाट्या प्यायले. खाल्लंय मी, म्हणून मला त्याची चव माहीत आहे. तुम्ही आज माझ्याकडून तेच मागताय."

"काकू, जुनं कशाला..." प्रमुख म्हणाले.

मावशीनं कंबरेच्या पिशवीतून नोटा काढल्या आणि मधल्या बुटक्या टेबलावर ठेवल्या. "हे माझ्या रस्स्याचे आणि माझ्या बसच्या जागेचे. दो-ह्यनचा पत्ता काढा आणि पाठवा. जे खाल्लं ते देतेय. त्यापुढं एक वॉनही नाही. सूर्य काही गामगोलमध्ये नोंदणी करून उगवत नाही. माझ्या वावरावर पडलेलं ऊन माझं आहे."

"म्हणजे आम्ही चोर?" कुणीतरी पुरुष ओरडला.

"मी चोर होते. तुझं तू बघ."

ती बाहेर गेली. नोटा तिथंच पडून राहिल्या. त्यांना कुणी हात लावेना, आणि टेबल पुसायचं होतं म्हणून स्वयंपाकघरातल्या बाया नोटांच्या कडेकडेनं फडकं फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वावरात पायाचे खड्डे खणले. प्रमुखांचा मला फोन आला. "खणलेस ते खणलेस. पुढं हात लावलास तर वसंतातली गावच्या चरांची कामं विसर." चरांच्या कामांवर माझ्या मशिनचे हप्ते जातात, हे त्यांना माहीत. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. पोकलेन वावराच्या वरच्या कोपऱ्यात उभा केला आणि घरी जाऊन गुमान जेवलो.

काँक्रीटची गाडी सकाळी आली. गावातून वावराकडे जाणारा रस्ता मधे एका ठिकाणी गळ्यासारखा अरुंद होतो, एका बाजूला दगडी बांध, दुसरीकडे ओढा. बरोबर तिथं प्रमुखांचा ट्रॅक्टर आडवा उभा होता. प्रमुख बांधावर बसून सिगारेट ओढत होते.

"बॅटरी उतरलीय," ते म्हणाले. "माणूस बोलावलाय. येईल दुपारपर्यंत."

गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला. "दुपार? हे ड्रमात फिरतंय ते काय कांजी आहे का? तासाभरात ओतलं नाही तर दगड होईल. मग ड्रम फोडायला माणूस लावावा लागतो, तो खर्च गिऱ्हाइकाकडून घेतो मी, आधीच सांगतो."

"बघ," मावशी मला म्हणाली, "आणखी एक. पॅनेलं सोडून."

पण या वेळी ती हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती बघितली. तिच्याकडे दुसऱ्या गाडीचे पैसे नव्हते, हे मला माहीत होतं आणि तिलाही. ड्रम घरघरत होता. ती घरात गेली. मला वाटलं, रडायला गेली.

ती आली ती डोक्यावर लाल रबरी घमेलं घेऊन, किमचीचं लोणचं कालवायचं मोठं घमेलं. ड्रायव्हरसमोर ठेवलं.

"ओत."

"आजी, हे काय..."

"ओत म्हणते ना. गाडीला वाट नाही. मला आहे."

ट्रॅक्टर आणि बांध यांच्यामधे एका माणसापुरती जागा होती. घमेलं अर्धं भरलं. ती ते उचलू शकली नाही. दोन्ही हातांनी कडा धरून रस्त्यावरून ओढत नेऊ लागली. घमेल्याचा खरखर आवाज आणि तिचा श्वास, एवढंच ऐकू येत होतं.

"काकू, कंबर मोडेल," प्रमुख म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांचा आवाज जरा पडला होता.

"मोडली तर माझी मोडेल! तुझ्या ट्रॅक्टरची आधीच मोडलीय. तिची काळजी कर."

मग रस्त्याच्या खालून चाकांचा आवाज आला. ओक्बुन. आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्या चालताना पुढं ढकलगाडी घेतात, लहान मुलांच्या बाबागाडीसारखी, टेकायलाही आणि बसायलाही. तिनं गाडीची बसायची फळी काढून टाकली होती आणि आत प्लास्टिकची बादली ठेवली होती. ती मावशीकडे बघतसुद्धा नव्हती. ड्रायव्हरला म्हणाली, "जास्त भरू नको. हिची चाकं माझ्यासारखीच आहेत."

"तू झोपली होतीस ना?" मावशीनं विचारलं.

"किती झोपू? माझ्या मुलानं पण त्याच दवाखान्याचा कागद आणलाय."

बस. एवढंच बोलल्या त्या. मग सभागृहातून बाकीच्या निघाल्या. एकामागे एक ढकलगाड्या, कुणाच्या गाडीत घमेलं, कुणाच्या लोणच्याची बरणी, एकीनं भाताच्या कुकरचं आतलं भांडं आणलं होतं. त्या प्रमुखांकडे बघून डोकं लवून नमस्कार करत होत्या, आदरानं, आणि ट्रॅक्टरच्या कडेनं काँक्रीट घेऊन जात होत्या. ट्रॅक्टरनं गाडी अडते. म्हाताऱ्यांची रांग कोण अडवणार? आणि एखादीला नुसता धक्का लागला असता तर तिची शहरातली सगळी पोरं संध्याकाळपर्यंत गावात हजर झाली असती.

पण काँक्रीट काही बादल्यांनी संपत नाही. पहिला खड्डा अर्धाही भरला नव्हता आणि ड्रायव्हर घड्याळाकडे बघत होता. ओक्बुन रस्त्यात खाली बसली होती, तोंडानं श्वास घेत. मी एव्हाना वावराच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन पोकलेनच्या पायरीवर बसून बघत होतो. चरांच्या कामांचा विचार करत होतो, अगदी खरं. मग मला एकदम स्वतःचाच इतका राग आला की मी चावी फिरवली.

पोकलेन उतारावरून खाली आणला, ट्रॅक्टरच्या पलीकडे उभा केला, हात लांब केला आणि बकेट ट्रॅक्टरच्या बोनेटवरून ड्रायव्हरच्या नळीखाली नेली.

"ए पोकलेन!" प्रमुख उठून उभे राहिले. "माझ्या ट्रॅक्टरवर थेंब पडला तर..."

"बॅटरी उतरलीय ना, प्रमुखसाहेब? मग हलवणार कसा तुम्ही? मी काय करू?"

ड्रायव्हरनं नळी सोडली. बकेट भरली. मी ती उचलून फिरवताना, हात जरा हलला असेल, बोनेटवर एक मोठा गोळा पडला. पचकन. मग आणखी एक. तो मात्र मुद्दाम.

आणि चमत्कार झाला. बॅटरी उतरलेला तो ट्रॅक्टर पहिल्याच फेऱ्यात सुरू झाला. प्रमुखांनी तो ओढ्याच्या बाजूला अशा वेगानं नेला की मागचं चाक चिखलात गेलं. म्हाताऱ्या इतक्या हसल्या की ओक्बुनला पुन्हा खाली बसावं लागलं. प्रमुख सदऱ्याच्या बाहीनं बोनेट पुसत होते आणि आमच्यापैकी कुणाकडेही बघत नव्हते. मला त्यांची थोडी दया आली. थोडीच.

गाडी वर गेली. सगळे खड्डे भरले. पण पहिल्या खड्ड्यापाशी मावशीनं ड्रायव्हरला थांबवलं. तो बादल्यांनी भरत आणलेला होता. "हा आमचा," म्हणाली, "याला नळी लावायची नाही." त्या खड्ड्याचं राहिलेलं काँक्रीट त्या बायकांनी घमेल्यांनीच टाकलं, आणि वेळ लागला म्हणून ड्रायव्हरनं जादा पैसे मागितले नाहीत. त्यालाही आई असावी.

पुढचं सांगून टाकतो. सांगाडा आला, खांब आला, तपासणीवाला आला आणि त्यानं कुंपणावरचा फलक दोन बोटं खाली आहे म्हणून मंजुरी अडवली. त्यातही दोन भांडणं झाली. पॅनेलं रजयांतून बाहेर निघाली. डिसेंबर संपायच्या आत मीटर उलटा फिरायला लागला, म्हणजे कंपनीच्या भाषेत नाही, मावशीच्या भाषेत. मला चरांची कामं मिळाली नाहीत. प्रमुखांनी शेजारच्या गावचा पोकलेन आणला, त्यानं चर असे खणले की पाणी सभागृहात शिरलं. ते ऐकून मला आनंद झाला, लपवत नाही.

पण मला जे सांगायचंय ते काँक्रीटच्या दुसऱ्या दिवसाचं. प्रमुखांनी आदल्या दिवशीच तेऊला फोन केला होता, आईला आवर म्हणून. तेऊ सकाळीच गाडी घेऊन आला. मी यंत्र न्यायला वावरात गेलो होतो. मावशी गुडघ्यांना कापड बांधून, नळीनं खड्ड्यांतल्या काँक्रीटवर हळूहळू पाणी मारत होती. हाताची सगळी बोटं सिमेंटनं फाटलेली.

तेऊनं ते हात बघितले आणि त्याचा आवाज चढला. "आई, हे काय चाललंय? गावाशी भांडण, या वयात बादल्या ओढतेस! पुरे आता. मी दवाखान्याशी बोललोय. सोमवारी तिथं एक जागा रिकामी होतेय. आत्ता नाही घेतली तर पुन्हा किती महिने लागतील माहीत नाही."

"रिकामी होतेय," मावशी म्हणाली. "म्हणजे कोण गेलं?"

तेऊ हातातल्या फोनकडे बघायला लागला.

"बाई की बुवा?"

"मला... मी विचारलं नाही."

"विचार. सोमवारच्या आधी विचार. कुणाची तरी आई असेल. तिचं अंथरूण थंड व्हायच्या आत माझं घालायचंय तुला." ती हे रागानं म्हणाली नाही. राग तिनं गावासाठी ठेवला होता. "तू मला मारायला नेत नाहीयेस हे मला कळतं, बाळा. तू घाबरलायस. मीही घाबरलेय. पण मी इथं घाबरेन."

तेऊ ओल्या मातीत उभा होता, शहरातल्या बुटांनी. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्याला लाज वाटत होती, कारण मी तिथं होतो. मी यंत्राकडे बघण्याचं सोंग घेतलं.

"सोमवारी काय सांगू त्यांना?" शेवटी तो म्हणाला.

"सांग, सवड नाही. काँक्रीटला आठवडाभर पाणी द्यावं लागतं, नाहीतर तडे जातात." मावशीनं नळी त्याच्या हातात कोंबली. "धर. माझे हात फाटलेत. आणि जोरानं नको मारू, अजून कोवळं आहे."

तेऊनं फोन खिशात टाकला, बूट काढले आणि अनवाणी पायांनी पहिल्या खड्ड्यापासून सुरुवात केली.